अर्ध्या ओळीवरचं दुपटं

ओली लोकर उन्हात वाळत घातली की तिचा मेंढीचा वास परत येतो. धुतलेली असो, रंगवलेली असो, दहा वर्षं ट्रंकेत पडलेली असो.

औरंगाबादेत थंडी मोजून सहा आठवडे. गुलमंडीवरचं लोकरीचं दुकान बारा महिने उघडं.

दोरा पुढे. दोनाचा एक. सुलट तीन. दोरा पुढे.

"बाई, मेलेल्या बायांचं उष्टं विणता तुमी."
"उष्टं नाही गं साळूबाई. राहिलेलं."
"एकच की."

पैठणच्या सकाळच्या बसमध्ये डाव्या खिडकीशी बसलं तर चितेगावपर्यंत ऊन गालावर असतं.

टाक्याला दोन पाय असतात. एक सुईच्या पुढं, एक मागं.

घरात एका माणसापुरतीच भांडी असली की ती एकमेकांवर आपटत नाहीत.

*

यमुनाबाईंनी अडतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवलं. पोलीस ॲक्शननंतर शहरात मराठी शाळा निघायला लागल्या, त्यातल्या एका शाळेत त्या विसाव्या वर्षी लागल्या आणि १९९० साली तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलेलं नव्हतं. खडकेश्वरच्या अंगाला दीड खोली, पुढं गॅलरी, गॅलरीत एक वेताची खुर्ची. सकाळी साळूबाई धुण्याभांड्याला यायची. ती गेली की दुसऱ्या दिवशी ती येईपर्यंत घरात माणसाचा आवाज होत नसे.

हात मात्र रिकामे राहिले नाहीत. मोज्याची टाच वळवताना त्यांना अजून पहिल्या वेळेसारखा आनंद व्हायचा. सरळ नळीसारखं चाललेलं विणकाम एकाएकी वळण घेतं, आणि आतापर्यंत जी नुसती पिशवी होती तिच्यात पाय दिसायला लागतो. जाळीच्या शालीचं सुख वेगळं. सुईवर असते तोवर ती बोळा झालेल्या फडक्यासारखी दिसते; धुऊन, टाचण्या लावून ताणली की एकेक पान उलगडत जातं. विणून झालं की यमुनाबाई ते कुणाला तरी देऊन टाकत. शेजारच्या बाळांना टोपडी, शाळेतल्या शिपायाला मफलर. एवढ्या मोज्यांना पुरतील इतके पाय त्यांच्या ओळखीत नव्हते.

राहिलेलं पुरं करून द्यायचं काम त्यांच्याकडं आपोआप आलं. एखादी बाई जाते. तिच्या पिशवीत सुया असतात, सुयांवर अर्धी बाही. घरात दुसऱ्या कुणाला विणता येत नाही, आणि सुई ओढून टाके मोकळे सोडायचा धीरही कुणाला होत नाही. पिशवी वर्षभर खुंटीला लटकते. मग कुणीतरी यमुनाबाईंचं नाव सांगतं.

त्यात अवघड असतो तो हात. प्रत्येकीचा हात निराळा. कुणी दोरा आवळून धरते, कुणी सैल सोडते. हात बदलला की कापडावर शीव दिसते, आणि बाई कुठं गेली ते साऱ्या जन्माला दिसत राहतं. म्हणून यमुनाबाई आधी चार बोटांचा तुकडा विणून पाहत. आवळ, सैल, पुन्हा आवळ, जुळेपर्यंत. एका मुख्याध्यापिकेच्या शालीत चाळिसाव्या ओळीपासून टाके सैल होत गेले होते. तिला ताप कधी यायला लागला ते यमुनाबाईंना तिच्या मुलांपेक्षा नेमकं कळलं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या हातात एक खोड होती. लहानपणी त्या मावशीच्या शेजारी न बसता समोर बसून विणायला शिकल्या. समोरून पाहिलेलं सगळं उलटं दिसतं. उलट टाका घालताना त्या दोरा भलत्या बाजूनं फिरवायच्या, आणि पुढच्या ओळीत त्या टाक्याचे पाय एकमेकांवर चढायचे, मांडी घालून बसल्यासारखे. कळलं तेव्हा उशीर झाला होता. हातानं ऐकलं नाही. दुसऱ्याचं काम पुरं करताना त्या नेटानं सरळ टाका घालत, स्वतःचं विणताना मांडीचा. शाळेत मात्र त्यांनी एकाही मुलीला कधी समोर बसू दिलं नाही. हजारो मुलींचं विणकाम त्यांच्या हाताखालून गेलं. मांडी घातलेला टाका त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

*

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास एक जोडपं आलं. तो तिशीतला, उन्हानं रापलेला, पाटबंधारे खात्यात कारकून. नाव वैजनाथ. ती शैला, सातवा महिना सरत आलेला. दोघं पैठण रस्त्यावरच्या बिडकीनहून आली होती. शैलाच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती तिनं पोटापासून लांब धरली होती.

"बाई, तुम्ही राहिलेलं पुरं करून देता ना?"

"काय आहे?"

"दुपटं. सासूबाईंनी घेतलं होतं विणायला, ह्याच्यासाठी." तिनं पोटाकडं बोट केलं. "दिवाळीत गेल्या. बसल्या जागी. मी जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, एवढी ओळ संपवून येते."

"आणि ओळ राहिली," वैजनाथ म्हणाला.

"आमच्याकडं म्हणतात, अर्धी वीण घरात ठेवून बाळंतपण करू नये. बाळ अडतं."

"कुठल्या शास्त्रात आहे विचारा तिला, बाई."

"शास्त्र तुमचं, पोट माझं," शैला म्हणाली, आणि यमुनाबाईंना हसू आलं. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

"माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आईनंच," वैजनाथ म्हणाला. "नेहमी म्हणायची, माझं काही राहिलं तर औरंगाबादेत खडकेश्वरला एक जण आहे. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

"काय नाव त्यांचं?"

"लक्ष्मीबाई. सासरचं नाव. माहेरचं तिनं कधी सांगितलं नाही." तो थोडा घुटमळला. "आम्हाला वाटलं, तुमची ओळख असेल."

यमुनाबाईंनी आठवून पाहिलं. बिडकीनची लक्ष्मीबाई. त्यांना कुणी आठवलं नाही.

ती दोघं गेल्यावर त्यांनी पिशवी उघडली. सायीच्या रंगाची लोकर, चौऱ्याऐंशी टाके, कडेला पानांची जाळी. साठ ओळी झालेल्या. एकसष्टावी अर्ध्यावर थांबलेली. त्यांनी चष्मा पुसला आणि विणकाम उजेडाकडं धरलं.

प्रत्येक टाका मांडी घालून बसला होता.

*

आपल्याच एखाद्या विद्यार्थिनीनं चोरून समोर बसून शिकून घेतलं असेल, असं त्यांनी ठरवलं. हे पटण्यासारखं नव्हतं, पण दुसरं काय ठरवणार. मग त्या नेहमीप्रमाणे तुकडा विणायला बसल्या. चार बोटं विणून दुपट्याशेजारी ठेवला.

आवळावं लागलं नाही. सैल करावं लागलं नाही. पहिल्याच वेळी जुळलं.

एकसष्टाव्या ओळीचा उरलेला अर्धा भाग त्यांनी त्याच दुपारी पुरा केला. झाल्यावर बोटानं शीव शोधली. बेचाळीस टाके तिचे, बेचाळीस आपले. शीव कुठंच लागली नाही.

*

वैजनाथला दर शुक्रवारी शहरातल्या कचेरीत काम असायचं, म्हणून दोघं दर शुक्रवारी यायला लागली. कधी बोरं आणत, कधी हुरडा. यमुनाबाई शुक्रवारी सकाळपासून दोन जास्तीचे कप धुऊन पालथे घालून ठेवायच्या. साळूबाईच्या ते ध्यानात आलं.

"पावणे कोण म्हणायचे?"

"कामाचे आहेत."

"कामाच्या मान्साला कुणी बेसनाचे लाडू करतं व्हय?" साळूबाई म्हणाली. "करा बापा. घरात जरा वास तरी सुटला."

शैलाला सासूबद्दल बोलायला आवडायचं, आणि बोलताना ती आधी तक्रार करायची, मग डोळे पुसायची.

"चहात साखर कमी पडली तर बोलून दाखवायच्या नाहीत बरं का. नुसता कप असा पुढं सरकवायच्या. बोटानं. बोलावं तरी ना माणसानं!"

यमुनाबाईंचं बोट बशीच्या कडेला होतं. कप दोन इंच पुढं गेला होता. त्यांनी हात मांडीवर घेतला.

"मोजताना कुणी हाक मारली तर नाकानं श्वास सोडायची," वैजनाथ म्हणाला. "आम्ही म्हणायचो, आली म्हैस."

"तू म्हणायचास. आणि मार खायचास," यमुनाबाई म्हणाल्या.

दोघं त्यांच्याकडं बघत राहिली.

"म्हणजे, खाल्ला असशील," त्या म्हणाल्या.

"खाल्ला की," वैजनाथ हळूच म्हणाला. "सुईनं. इथं." त्यानं मनगट दाखवलं. मनगटावर काही नव्हतं, पण यमुनाबाईंनी तो दाखवायच्या आधीच डाव्या मनगटाकडं पाहिलं होतं.

*

दोरा पुढे. दोनाचा एक. सुलट तीन.

*

तिसऱ्या शुक्रवारी त्यांच्याबरोबर वैजनाथचे वडील होते, व्यंकटराव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शहरात डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला आणलं होतं. उंच, वाकलेले, धोतर, वर तपकिरी कोट. वैजनाथनं हाताला धरून त्यांना आत आणलेल्या वेताच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी घरात इकडंतिकडं मान फिरवली, आणि नमस्कार केला तो भिंतीला केला.

बोलणं संपलं. यमुनाबाईंनी संकोचून सुया हातात घेतल्या.

सुयांचा आवाजही ज्याच्या त्याच्या हाताचा असतो. यमुनाबाईंचा दोनदा टक टक व्हायचा आणि मग भलत्या बाजूनं दोरा फिरवताना सुई सुईवर घासल्याचा लांबट आवाज यायचा. शाळेत मुली बाकाखाली पेन्सिली आपटून त्याची नक्कल करत.

टक, टक, सर्र.

पाच मिनिटांत व्यंकटरावांची मान कलली. तोंड किंचित उघडं पडलं. शैलानं पदर तोंडाला लावला.

"आई गेल्यापासून दादा सलग तासभर झोपले नाहीत," वैजनाथ कुजबुजला. "डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या."

"उठवू नका," यमुनाबाई म्हणाल्या.

त्या दोन तास विणत राहिल्या. खांदा भरून आला तरी थांबल्या नाहीत. ऊन गॅलरीतून आत सरकलं, व्यंकटरावांच्या चपलेवर आलं, मग भिंतीवर चढलं. खोलीत दुसऱ्या माणसाचा झोपेतला श्वास ऐकू येत होता. असं शेवटचं केव्हा झालं होतं ते त्यांना आठवेना. वैजनाथ आणि शैला जमिनीवर बसून हुरडा निवडत होती आणि खुणांनी भांडत होती.

निघताना व्यंकटरावांनी दाराची चौकट चाचपली. "बरं वाटलं," ते म्हणाले. कुणाला ते कळलं नाही.

शैला मागं रेंगाळली. "येत जाऊ ना आम्ही? दुपटं होईपर्यंत?"

"होईपर्यंत," यमुनाबाई म्हणाल्या.

आता दुपट्याच्या शंभर ओळी भरल्या होत्या. उरल्या वीस ओळी, किंवा दोन शुक्रवार, काय म्हणाल ते.

पुढच्या गुरुवारी दुपारी त्यांनी दार लावून घेतलं. सुई ओढून काढली, दोऱ्याचं टोक धरलं आणि आपण विणलेलं सगळं उसवलं. एकसष्टाव्या ओळीच्या मध्यावर येऊन त्या थांबल्या. लक्ष्मीबाईंच्या ओळींना त्यांनी हात लावला नाही. सुटलेली लोकर मांडीवर कुरळी होऊन पडली होती. अडतीस वर्षं त्यांनी मुलींना सांगितलं होतं, चुकलं असेल तरच उसवावं.

"जाळी चुकली," शुक्रवारी त्यांनी सांगितलं. "पुन्हा घेतलंय."

"होईल ना बाई वेळेत?" शैलानं विचारलं.

"होईल गं."

त्यानंतर असं तीनदा झालं.

*

गुलमंडीवर लोकर घ्यायला त्या जानेवारीत गेल्या. दुकानदार तीस वर्षांच्या ओळखीचा. त्याच्या दोन्ही मुली यमुनाबाईंच्या हाताखाली शिकलेल्या. त्यानं लोकरीचा गुंडा कागदात बांधला आणि अदबीनं विचारलं, "बाई नवीन शिकताय वाटतं? सोप्या सुया दाखवू?"

त्यांना वाटलं थट्टा करतोय. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

चार दिवसांनी साळूबाई रागानं आली.

"काल कुठं गेल्ता? कडी वाजवून वाजवून हात दुखला माझा."

"मी घरातच होते."

"कशाच्या घरात! खिडकीतून बघितलं मी. खुर्ची मोकळी."

यमुनाबाई आदल्या दिवशी सकाळपासून त्या खुर्चीत विणत बसल्या होत्या. कडी वाजलेली त्यांनी ऐकली नव्हती. साळूबाईनं त्यांच्याकडं जरा वेळ निरखून पाहिलं.

"बाई, बारीक झालात जरा," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन परत वळली. "बारीक बी नाय. काय तरी झालंय."

भीती वाटायला हवी होती. यमुनाबाईंनी ती शोधून पाहिली. आत शुक्रवारखेरीज काहीच सापडलं नाही.

*

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी वैजनाथ बारालाच आला. एकटा. खाली जीप उभी होती. केस विस्कटलेले, सदऱ्याची गुंडी वरखाली लागलेली.

"पहाटेपासून कळा येताहेत. दिवस भरायला अजून आठवडा होता. नर्सबाई म्हणतात बाळ पुढं सरकत नाहीये. संध्याकाळपर्यंत बघायचं म्हणतात, मग शहरात हलवायचं. पण रस्त्यात तिचं काय..." त्यानं कपाळ पुसलं. "ती एकसारखी एकच विचारतेय. दुपटं झालं का. बाई, मी मानत नाही हे. पण झालंय ना?"

दुपटं टेबलावर होतं. कालचा गुरुवार होऊन गेला होता. साडेसाठ ओळी.

वैजनाथनं ते पाहिलं. त्यानं ते आठ आठवड्यांपूर्वी असंच पिशवीतून आणलं होतं.

"चूक माझी आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "चल."

"आई..." तो म्हणाला, आणि थबकला. "बाई, चप्पल."

चप्पल न घालताच त्या जिना उतरत होत्या, आणि उतरता उतरता त्यांच्या सुया चालू झाल्या होत्या.

*

साळूबाई पुढं कितीतरी दिवस कोपऱ्यावरच्या बायांना सांगत राहिली. "मी नळावर व्हते. बाई गेल्या त्या माझ्या म्होरून गेल्या. जीप? कुठली जीप! एकट्याच व्हत्या. अनवाणी. पैठण गेटाकडं चालल्या व्हत्या, विणत विणत. मी हाक मारली, बाई, ओ बाई. तर नाकानं श्वास सोडला नुसता."

*

रेल्वेच्या फाटकाशी सत्तर ओळी झाल्या. जीप खड्ड्यात गेली तरी टाका सुटला नाही. चितेगावला अठ्ठ्याहत्तर. वैजनाथ गाडी चालवता चालवता आरशातून त्यांच्याकडं बघत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती.

एकशेवीस व्हायला हव्यात. पान पुरं झाल्याशिवाय टाके बंद करता येत नाहीत. यमुनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घाईनं विणलं, आणि हात घाईतही तसाच पडत होता.

बिडकीनमधलं घर रस्त्यापासून आत, मारुतीच्या मागं. पुढं ओटा, ओट्यावर पितळी तांब्या. बायकांची ये-जा चालली होती. आतून शैलाचं कण्हणं येत होतं.

आल्या पाहुण्याला आधी पाणी देतात. यमुनाबाईंना कुणी पाणी विचारलं नाही. उलट एक बाई लगबगीनं बाहेर येऊन म्हणाली, "बरं झालं आलात. जरा पाणी आत पाठवा हो," आणि वळून गेली.

माठ दाराआड होता. दाराआड असलेला माठ बाहेरून दिसत नव्हता. यमुनाबाईंचा हात सरळ तिकडं गेला.

पाणी देऊन त्या माजघरात आल्या. उंबऱ्याच्या मध्यावर झीज होती. त्यांचं पाऊल तिथंच पडलं. खिडकीखाली बैठी खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीला बसून बसून पडलेला खळगा. पलीकडं पलंगावर व्यंकटराव टक्क जागे पडलेले, छताकडं डोळे.

भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता.

यमुनाबाईंनी वर एकदा पाहिलं; तो चेहरा त्यांना आरशातून ओळखीचा होता. मग त्या खुर्चीत बसल्या. खळगा त्यांना बरोबर बसला.

टक, टक, सर्र.

व्यंकटरावांचे डोळे मिटले.

शहाण्णव. शंभर. आत शैला ओरडली. नर्सबाईंचा आवाज चढला. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं.

एकशेआठ.

बोटाला घाम येऊन सुई निसटायला लागली. त्यांनी ती पदराला पुसली. पदर नऊवारी लुगड्याचा होता. सकाळी त्या पाचवारी नेसल्या होत्या. त्यांनी त्याकडं पुन्हा पाहिलं नाही; ओळ मध्यावर होती.

एकशेचौदा.

वैजनाथ दारात उभा होता. त्याच्या डाव्या मनगटावर एक बारीक पांढरा व्रण होता.

एकशेवीस.

दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून टाकायचा. चौऱ्याऐंशी. पन्नास. बारा.

आत अचानक सगळं शांत झालं.

चार. तीन. दोन.

एकच टाका उरला. तो मांडी घालून सुईवर बसला होता. यमुनाबाईंना आपली खोली आठवली. गॅलरी, वेताची खुर्ची, पालथे घातलेले दोन कप. हा टाका ओढला की शुक्रवार संपणार, किंवा दुसरं सगळं संपणार. कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी दोरा त्यातून काढला आणि ओढला.

आत बाळ रडलं.

सुया थांबल्या, म्हणून व्यंकटराव जागे झाले. "झालं?" त्यांनी विचारलं.

"हं."

"फार वेळ लावलास."

बायकांचा गलका उठला. कुणी साखर मागत होतं, कुणी गरम पाणी. वैजनाथ हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. जीपची किल्ली अजून त्याच्या मुठीत होती. ती त्यानं जराशी पुढं केली. "बाई, तुम्हाला परत जायचं असेल तर आत्ताच निघावं लागेल," तो म्हणाला. मग आवाज उतरला. "नंतर नाही जमणार."

"आई," आतून शैलाची दमलेली हाक आली. "दुपटं आणताय ना?"

यमुनाबाईंनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं, दुपटं घडी करून छातीशी घेतलं आणि त्या आत गेल्या.

*

१९५१ च्या फाल्गुनात बिडकीनच्या व्यंकटरावांच्या घरून यमुनेसाठी मागणीचं पत्र आलं होतं. घरात आई अंथरुणाला होती, म्हणून वडिलांनी ते पत्र तिला न दाखवता परत पाठवलं. व्यंकटरावांनी पुढं लग्न केलं नाही. १९७४ च्या पौषात ते वारले, आणि मागं कुणी नसल्यामुळं त्यांचं क्रियाकर्म शेजाऱ्यांनी केलं.